कात्री उघडताना

मास्तरांच्या घरात मास्तरांपेक्षा त्यांच्या उजव्या हाताचा मान मोठा होता. या हाताने पिशव्या उचलायच्या नाहीत, बरण्यांची घट्ट झाकणं पिळायची नाहीत, भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत, असा नियम त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात घालून दिला होता. बायकोने तो पाळला, म्हणजे खिळे तिने स्वतः ठोकले. कारण तो कात्रीचा हात होता. मास्तर शाळेतले नव्हेत, कापडाचे. दुकानात पुढे शिवायची मशीनं, मागे कापायचं लांब टेबल, आणि टेबलाच्या कोपऱ्यात काळ्या मुठीची ती जड कात्री. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला मास्तरांना खपत नसे. ते कापायला उभे राहिले की कचकच न होता एक लांबलचक सरसर आवाज यायचा, आणि पुढे मशीनवर बसलेली सूनबाई म्हणायची, "बाबा आले रंगात."

त्यांच्या पत्नी टपाल कचेरीत होत्या. गल्लीत त्यांना सगळे टपालबाई म्हणत. आयुष्यभर पाकिटांवर शिक्के मारून त्यांचा उजवा दंड डाव्यापेक्षा जरा भरला होता. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, कारण त्यांच्या कपड्यांची उजवी बाही मास्तर न मोजताच थोडी रुंद कापत.

दोघांचं भांडण व्हायचं, आणि चांगलं खणखणीत व्हायचं. दोघंही माघार घेणाऱ्यांतले नव्हते. पण भांडण मिटवायची त्यांची एक रीत होती. ज्याला आधी काही गमतीचं सुचेल त्याने ते म्हणायचं आणि हात पुढे करायचा, "दे टाळी!" समोरच्याने टाळी दिली की संपलं, मग पुन्हा तो विषय काढायचा नाही. कितीतरी मोठी भांडणं अशी एका फटक्यात मिटली होती. माफी मागायची पाळी कुणावरच आली नव्हती, आणि दोघांनाही त्याचं फार बरं वाटत असे.

यंदा टपालबाई निवृत्त होणार होत्या. कचेरीत निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, आणि त्यांनी भाषण करायचं होतं. मास्तरांनी आजवर त्यांना शिवून दिलं ते सगळं उरल्यासुरल्या कापडातलं. गिऱ्हाइकांची कामं आधी, घरचं नंतर, आणि ते नंतर कधी आलंच नाही. या वेळी मात्र मास्तर स्वतःहून म्हणाले, "तुला कोट शिवतो. नव्या ताग्यातलं कापड. तू निवड." टपालबाईंनी गडद निळं लोकरी कापड निवडलं. मास्तरांनी मापं घेतली, कापड टेबलावर अंथरलं, खडूने पाठ आखली, पुढचे दोन भाग आखले, बाह्या आखल्या. मग वरच्या फळीवरचं अस्तर काढायला ते स्टुलावर चढले.

"अहो, शिडी घ्या," टपालबाई म्हणाल्या.

"शिडी म्हाताऱ्यांना," मास्तर म्हणाले, आणि अस्तरासकट खाली आले.

मनगट मोडलं. उजवंच.

प्लास्टर निघालं तेव्हा हाड छान जुळलं होतं, पण बोटं आत वळून बसली होती. मूठ होती; पंजा नव्हता. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मास्तरांच्या हातात एक लाल रबरी चेंडू दिला आणि म्हणाल्या, "दाबा आणि सोडा. सैल सोडा. घरी रोज करा." या बाई प्रत्येक वाक्यात एकदा तरी "सैल सोडा" म्हणत, म्हणून घरी येईपर्यंत मास्तरांनी त्यांचं नाव सैलबाई ठेवूनही टाकलं.

मग मास्तर चेंडूच्या मागे लागले. कात्री म्हणजे दाबणं, हे ते आयुष्यभर धरून चालले होते. कापड कापलं जातं ते दाबल्यावर. त्यामुळे सैलबाईंच्या सांगण्यातलं "दाबा" एवढंच त्यांनी उपदेश म्हणून घेतलं. "सोडा" म्हणजे दोन दाबण्यांमधली विश्रांती, आणि विश्रांती घ्यायची सवय त्यांना नव्हतीच. सकाळी चहा होईपर्यंत ते चेंडू दाबत. गिऱ्हाइकाशी बोलताना खिशात हात घालून दाबत. गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तरांच्या खिशात उंदीर आहे.

आठवड्याभरात मुठीत अशी ताकद आली की बिस्किटाचा बशीत भुगा व्हायचा. जुन्या गिऱ्हाइकाने खुशाली विचारत हात पुढे केला तर मास्तरांनी तो असा आवळला की तो गृहस्थ पंजा झटकत म्हणाला, "मास्तर, बरं झालात हो, पटलं!" मास्तर खूश. कपाचा कान तुटला तेव्हा तर त्यांनी तो तुकडा सूनबाईला पदक दाखवावं तसा दाखवला.

फक्त कात्री उघडत नव्हती. मिटलेल्या कात्रीच्या मुठीत अंगठा आणि बोटं कशीबशी बसायची, आणि तिथेच घोडं अडायचं. मास्तर जितका जोर लावत तितकी बोटं आणखी आवळत. कपाळावर घाम यायचा आणि कात्री आपली मिटलेलीच.

एका संध्याकाळी दूध उतू गेल्यावरून दोघांची जुंपली. दूध कुणी बघायचं होतं, इथून सुरुवात होऊन गाडी नेहमीप्रमाणे स्टुलावर आली. शेवटी टपालबाईंनाच काहीतरी सुचलं. "बघा, शेगडी किती स्वच्छ होती, दुधालासुद्धा तिथे लोळावंसं वाटलं," असं म्हणून त्यांनी हसत हात पुढे केला. मास्तरांनाही हसू फुटलं होतं. त्यांनी हात उगारला, आणि टपालबाईंच्या तळहातावर येऊन पडली ती मूठ. दुखलं त्यांना. त्यानंतर टपालबाईंनी टाळी मागायचं सोडून दिलं, आणि भांडणं अर्धवट राहायला लागली. ओल्या कपड्यांसारखी ती घरभर टांगलेली असायची.

निरोपाचा दिवस जवळ येत होता. टेबलावर निळं कापड आखलेलं पडून होतं. त्यावर धूळ बसू नये म्हणून सूनबाईने चादर टाकली होती. मास्तरांचा मुलगा ट्रकवर असायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा, त्यामुळे दुकान आता तिच्याच जिवावर चाललं होतं. ती कापायचीही चांगली. पण आपल्या छोट्या कात्रीने.

"बाबा, मी कापू का कोट?" तिने एकदा विचारलं.

"हात मोडलाय माझा. मी नाही मोडलो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने वेगळीच युक्ती काढली. तिने काळ्या कात्रीच्या दोन मुठींमध्ये इलॅस्टिकची घडी अशी काही ठासून शिवून बसवली की दाबलेली कात्री आपली आपण उघडायची. बिचारीने अर्धी दुपार त्यात घालवली होती. मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"हे काय? कात्रीला इलॅस्टिक? चड्डी आहे का ती?"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. टपालबाईंनी ते पाहिलं आणि इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "ऐका. मला कोट हवाय. तुमच्या हातचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण जुनं पातळ जाकीट घालून मी त्या व्यासपीठावर उभी राहणार नाही. येत्या रविवारी दुपारपर्यंत तुम्ही कापायला लागला नाहीत, तर सूनबाई कापेल. आणि तुम्ही तोंड फुगवून बसायचं नाही."

मास्तरांनी टेबलावरच्या चादरीकडे पाहिलं. बायकोला पहिला कोट, आणि तोही दुसऱ्याच्या हातचा. पण बोलणं रास्त होतं. "रविवार तर रविवार," ते म्हणाले. मग इलॅस्टिक उसवता उसवता, सुनेकडे न बघता, पुटपुटले, "शिवलंय मात्र पक्कं." सूनबाईला एवढंही पुरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सैलबाईंनी चेंडू मागितला आणि त्या बघतच राहिल्या. चेंडूला बोटांचे खळगे पडले होते.

"मास्तर, हा दिवसातून किती वेळ दाबता?"

"दिवसभर," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"आणि सोडता किती वेळ?"

मास्तर गोंधळले. "सोडतो की. झोपताना."

सैलबाईंनी कपाळावर हात मारला नाही, पण तो तिथपर्यंत जाऊन आला. वयाने त्या सूनबाईपेक्षाही लहान होत्या, आणि हसू आलं की ओठ चावायच्या. "थोडी माझीही चूक आहे," त्या म्हणाल्या, "मी शिकवलं, पण तुमच्याकडून करवून बघितलं नाही. बाही वर घ्या."

त्यांनी मास्तरांचा डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला ठेवला. "आता मूठ आवळा." मास्तरांनी आवळली. कातडीखाली एक टणक गोळा वर आला. "हा स्नायू. बोटं मिटवणारा इथे राहतो, बोटांत नाही. इथून दोऱ्या निघतात, मनगटाखालून जातात आणि बोटांना ओढतात."

"नाडीसारख्या?"

"कसली नाडी?"

"पायजम्याची. नेफ्यातून जाते, इकडून ओढली की तिकडे चुण्या."

"हो, तशीच! आणि नाडी ढकलून कधी चालते का?"

मास्तरांना हसू आलं. "ढकलली तर आतच गोळा होऊन बसेल."

"स्नायूचंही तेच. त्याला ओढता येतं, ढकलता येत नाही. मिटवणारा स्नायू बोट उघडू शकत नाही, कितीही जोर लावा. उघडणारा वेगळाच आहे." त्यांनी मास्तरांचा डावा हात आता बाहेरच्या बाजूला नेला. "बोटं उघडायचा प्रयत्न करा." इथे काहीतरी अगदी बारीक हललं, आणि गप्प झालं. "हा तो. अर्धपोटी. आणि बाजूच्या पैलवानाला तुम्ही दिवसभर खाऊ घालताय. हा इकडे ओढायला गेला तर तो तिकडे सोडायलाच तयार नाही. एकाने ओढायचं असेल तर दुसऱ्याने सैल सोडायला हवं ना?"

मास्तर आपल्या हाताकडे बघत राहिले. घरच्याच माणसाबद्दल बाहेरच्याकडून काही कळावं, तसं त्यांना झालं होतं. मग त्यांनी विचारलं, "पण आत होतं काय? गोळा येतो म्हणजे काय, धागे आखडतात? लोकरीचं कापड धुतल्यावर आटतं तसं?"

"सगळ्यांना तसंच वाटतं," सैलबाई खुर्ची ओढून बसल्या. बाहेर कुणी ताटकळत नव्हतं, आणि असा प्रश्न त्यांना रोज कुणी विचारत नसे. "धागे आटत नाहीत. दोन जातींचे धागे असतात, जाड आणि बारीक, एकमेकांच्या शेजारी. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात. धाग्यांची लांबी तीच, पण एकात एक शिरले की स्नायू आखूड होतो."

"आणि सरकवतं कोण?"

"जाड धाग्याला बारीक बारीक डोकी असतात. ती बारीक धाग्याला पकडतात, जरा ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात."

मास्तर खुर्चीत ताठ झाले. "अहो, हे तर दाते!"

"कसले दाते?"

"मशीनच्या पायाखाली असतात ते. वर येतात, कापड धरतात, पुढे नेतात, खाली जातात, मागे येतात, पुन्हा वर. कापड त्यांच्यामुळेच सरकतं."

"खाली गेलेच नाहीत तर?"

"तर कापड अडकलं. एक टाकादेखील पुढे..." मास्तर बोलता बोलता थांबले.

समोरच्याला कळायला लागलं की गप्प बसावं, एवढं सैलबाई शिकल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि गंमत ऐका. इंधन लागतं ते ओढायला लागतं, असं वाटतं ना? एका डोक्याने धागा पकडला की तो सोडायलाही इंधनाचा नवा घोट लागतो. शिवाय मेंदूकडून निरोप आला की स्नायूच्या आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम सुटतं, त्यानेच पकडायच्या जागा उघड्या पडतात. निरोप थांबला की ते पुन्हा पिशव्यांत भरायचं. ते भरणं म्हणजेही कामच. माणूस गेल्यावर काही वेळाने शरीर ताठ होतं, ते का? इंधन संपलं. पकडलेलं सोडायलाच कुणी उरलं नाही."

मास्तर घाबरले. "म्हणजे माझा हात..."

"तुमचा हात भलताच जिवंत आहे," सैलबाई आता मोकळ्या हसल्या. "फक्त सोडणं हेही काम आहे, हे त्याला पटत नाही. चेंडू माझ्याकडे राहू द्या. घरी इलॅस्टिक आहे?"

मास्तरांचे कान लाल झाले. "आहे. भरपूर आहे."

"बोटांभोवती गुंडाळायचं आणि बोटं बाहेर उघडायची, इलॅस्टिकच्या विरुद्ध. आधी बारीक घ्या, मग रुंद. पण प्रत्येक वेळी, उघडायच्या आधी, हात मांडीवर ठेवून श्वास सोडा. आधी सैल, मग उघडा. जोर नाही."

घरी येऊन मास्तर सूनबाईसमोर उभे राहिले. टेबलावरची मोजपट्टी उचलून त्यांनी पुन्हा खाली ठेवली. शेवटी म्हणाले, "ते कालचं इलॅस्टिक... ठेवलंयस ना?" सूनबाईने न विचारता खण उघडला आणि बारीक, मध्यम, रुंद असे तिन्ही तुकडे काढून दिले. हसली मात्र नाही. हे तिचे उपकारच होते.

मग सुरू झालं ते काम मास्तरांना चेंडूपेक्षा किती तरी जड गेलं. दाबायला सांगा, ते भिंत दाबतील. पण काही न करता बसायचं, आणि तेही मन लावून, हे त्यांनी कधी केलंच नव्हतं. मांडीवर हात ठेवून श्वास सोडायचा तर खांदाच वर चढायचा, दात आवळायचे. टपालबाई कचेरीतून आल्यावर शेजारी बसून बघायच्या.

"तुम्ही सैलसुद्धा जोर लावून सोडताय," त्या म्हणाल्या.

"मग काय करू? तुला जमतं का?"

"मला? मी दिवसभर तेच करते. शिक्का उचलला की हात मोकळा. पडतो तो आपल्या वजनाने, मी नुसती दिशा देते. दिवसभर आवळून धरला असता तर चहाच्या सुट्टीपर्यंतच हात गळ्यात आला असता." त्यांनी हवेत शिक्का मारून दाखवला. मास्तरांनी इतकी वर्षं तो दंड मापला होता, पण तो चालतो कसा हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा मारून दाखवायला लावलं. मग आणखी एकदा. टपालबाई लाजल्या, आणि दाखवत राहिल्या.

हळूहळू बोटं ऐकायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. अंगठा हा जात्याच हट्टी, तो मागून आला. बारीक इलॅस्टिक गेलं, मध्यम आलं. मास्तर दुकानात बसल्या बसल्या बोटांची कळी उघडायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, "दात्यांना खाली जायला शिकवतोय." लोक मान डोलवून निघून जायचे.

रविवार आला. मास्तरांनी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि कापडावरची चादर काढली. खडूच्या रेषा पुसट झाल्या होत्या, त्या सूनबाईने पुन्हा गिरवल्या. टपालबाई टेबलाच्या पलीकडे कापड ताणून धरायला उभ्या राहिल्या. मास्तरांनी काळी कात्री उचलली, श्वास सोडला, आणि कात्री उघडली.

फार नाही उघडली, पण उघडली. पहिला काप पडला. श्वास, सैल, उघडा, दाबा. पूर्वीची ती लांब सरसर नव्हती. एकेक काप वेगळा ऐकू येत होता. पण रेषेवर होता, अगदी खडूच्या मधोमध. पाठ निघाली. पुढचा एक भाग निघाला, मग दुसरा. मास्तरांच्या मिशीवर घाम होता आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की सूनबाई मशीन बंद करून नुसती बघत बसली.

पहिल्या बाहीला मुंढ्याचा गोल आला, म्हणजे बाही खांद्याला जोडतात ती वळणदार रेषा. तिथे मास्तरांना वाटलं, आता जमलंय. आता जरा पूर्वीसारखं होऊ दे. त्यांनी श्वास सोडायचं सोडलं आणि वेग घेतला. दोन काप झकास गेले. तिसऱ्याला कात्री मिटली ती मिटलीच. बोटं मुठीवर आवळून बसली, कोपराखालचा गोळा दगडासारखा वर आला आणि एक कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मास्तरांनी उघडायला जोर लावला. बोटं आणखी आवळली. कात्रीचं टोक कापडात थरथरायला लागलं, तेही नेमकं गोलावर, जिथे एक सुतभर चूक झाली तर बाही गेली, आणि त्या ताग्यातलं कापड आता उरलं नव्हतं.

सूनबाई धावत आली. "बाबा, थांबा, मी बोटं सोडवते."

"राहू दे," टपालबाई म्हणाल्या. त्या वळसा घालून आल्या. त्यांनी मास्तरांची बोटं सोडवली नाहीत. कोपराखालच्या त्या टणक गोळ्यावर फक्त आपला तळहात ठेवला आणि उभ्या राहिल्या. "घाई नाही. पाकीट पळून जात नाहीये."

मास्तरांनी कापडाकडे बघणं सोडलं. त्यांना त्या हाताची ऊब कळत होती, आणि हाच तो हात, ज्याच्यावर आपली मूठ पडली होती, हेही आठवत होतं. फार वाईट वाटलं त्यांना, आणि फार बरंही वाटलं. एक लांब श्वास गेला. त्या तळहाताखाली गोळा आधी थरथरला, मग हळूच विरघळला. बोटं सैल झाली. कात्री जराशी उघडली, तिची तीच.

"गेले का दाते खाली?" टपालबाईंनी विचारलं.

"गेले."

मुंढ्याचा गोल पुरा झाला. दुसरी, म्हणजे उजवी बाही मास्तरांनी नेहमीसारखी थोडी रुंद कापली. मग कात्री टेबलावर ठेवली. ठेवता आली, बोटांना न चिकटता. कॉलर राहिली होती. मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं, तो थकला होता, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याचा राग आला नाही. त्यांनी कात्री मुठीकडून सूनबाईपुढे सरकवली.

"कॉलर तू काप."

"याच कात्रीने?"

"मग काय विळीने?"

सूनबाईने कॉलर कापली. ती मास्तरांच्या कॉलरपेक्षा किंचित सरस निघाली. मास्तरांनी हे तत्काळ ओळखलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

निरोपाच्या दिवशी निघायच्या वेळी टपालबाई नवा कोट घालून आरशासमोर उभ्या होत्या. निळा रंग त्यांना शोभत होता. उजवा हात त्यांनी वर केला, खाली केला. बाही कुठे ओढली नाही. पण मास्तर दारात घड्याळाकडे बघत होते आणि टपालबाईंना भाषणाचा कागद सापडत नव्हता. मग काय, जुंपलीच.

"कालपासून सांगतोय, पिशवीत ठेव म्हणून."

"ठेवला होता. तुम्हीच काढून वाचलात."

"मी? मी कशाला वाचू? मला पाठ आहे ते, आठवडाभर ऐकतोय!"

"पाठ आहे ना? मग तुम्हीच करा भाषण. मी खाली बसून जांभया देते."

"तू भाषण केलंस तरी मी तेच करणार आहे."

टपालबाईंनी कोटाच्या खिशात हात घातला, आणि कागद तिथेच निघाला. त्यांनी त्याची घडी उलगडली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "बघा, इतक्या वर्षांनी खिसा असलेलं काहीतरी शिवून दिलंत, मला त्याची सवयच नाही!" आणि सवयीने त्यांचा हात पुढे आला, "द्या टाळी!"

तो पुढे आल्यावर मग त्यांना आठवलं. त्यांनी तो मागे घ्यायला सुरुवात केली होती.

मास्तर हसत होते. खदखदून, डोळे मिटून, कागद विसरून, घड्याळ विसरून. हसता हसता त्यांनी हात उगारला, आणि फटकन आवाज झाला. सपाट, खणखणीत, पंजावर पंजा. आतल्या खोलीतून सूनबाईने विचारलं, "काय पडलं?"

मास्तर आपल्या उघड्या हाताकडे बघत होते. त्यांनी श्वास सोडला नव्हता, मांडीवर हात ठेवला नव्हता, काही म्हणजे काही केलं नव्हतं. टपालबाईंनी तो हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग तळहातावर आपली बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "आणखी एक."